शुश्रूषेचे मोल : न्यूझीलंडमधील एक लढा

न्यूझीलंड हा पॅसिफिक महासागराच्या दक्षिणेकडील एक छोटा देश. तेथील लोकवस्ती सुमारे त्रेपन्न लाख, म्हणजे एकट्या मुंबई शहराच्या निम्म्याहूनही कमी. परंतु सामाजिक न्यायाच्या इतिहासात या देशाने आपल्या आकाराच्या मानाने फार मोठे स्थान मिळविले आहे. राष्ट्राच्या निवडणुकीत स्त्रियांना मताधिकार सर्वांआधी दिला तो याच देशाने, १८९३ साली. मालक व मजूर यांच्या तंट्यात लवादाचा निवाडा बंधनकारक करणारा कायदा तेथे १८९४ साली झाला. वार्धक्य, आजार व बेकारी यांपासून नागरिकांना वाचविण्याची जबाबदारी १९३८ च्या सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्याने सरकारने शिरावर घेतली. आणि तरीही याच देशात, २००९ सालापर्यंत, अपंग माणसांच्या घरी रात्रपाळीस निजावयास जाणाऱ्या मदतनिसाला नऊ तासांच्या एका रात्रीचे चौतीस डॉलर मिळत असत. तासाला चार डॉलरही पडत नसत. कायद्याने ठरविलेले किमान वेतन त्या वेळी ताशी साडेबारा डॉलर होते.

न्यायाची एवढी परंपरा असलेल्या देशात ही तफावत कशी राहिली, ती मिटविण्यासाठी कोणी काय केले, आणि मिटत आलेली ती पुन्हा कशी दिसू लागली, याचा इतिहास उद्बोधक आहे. अपंगांच्या शुश्रूषेला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, ही तक्रार आज कित्येक देशांत ऐकू येते. त्या तक्रारीचे मूळ या इतिहासात स्पष्ट दिसते.

प्रथम हे काम काय आहे ते पाहिले पाहिजे. मदतनीस म्हणजे दवाखान्यातील शिकलेली परिचारिका नव्हे आणि घरगडीही नव्हे. ज्याला स्वतः उठता येत नाही त्याला उठवून बसविणे, न्हाऊ घालणे, घास भरविणे, औषध वेळेवर देणे, झटका आला तर सावरणे, आणि हे सारे त्या माणसाची लाज व मान सांभाळून करणे, हे त्याचे काम. यातील पुष्कळसे ज्ञान पुस्तकात नसते. बोलता न येणाऱ्या माणसाचे पोट दुखत आहे की तो केवळ रागावला आहे, हे त्याच्या मुठीच्या आवळण्यावरून ओळखावे लागते. घास किती बारीक केला म्हणजे ठसका लागणार नाही, हे रोज भरविणाऱ्यालाच ठाऊक असते. असे ज्ञान जमावयास महिने लागतात आणि मदतनीस काम सोडून गेला की ते त्याच्याबरोबर निघून जाते. दर दोन महिन्यांनी नवा अनोळखी माणूस आपल्याला न्हाऊ घालण्यास येणार असेल, तर त्या अपंगाच्या जिण्याला स्वस्थता कशी लाभावी? म्हणून मदतनिसाच्या वेतनाचा प्रश्न हा केवळ मदतनिसाचा प्रश्न नाही.

न्यूझीलंडमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी प्रथम मोठमोठ्या वसाहती उभारण्यात आल्या. ख्राइस्टचर्चजवळ टेम्पलटन येथे १९२९ साली अशी एक वसाहत निघाली. लेव्हिन गावाजवळ १९४५ साली दुसरी निघाली. हीच पुढे किंबर्ली या नावाने देशातील सर्वांत मोठी संस्था झाली. शहरापासून दूर शेतीवाडी, लांबच लांब खोल्या आणि ओळीने मांडलेल्या खाटा, असे या वसाहतींचे स्वरूप असे. एका सेवकाच्या वाट्याला अनेक रहिवासी येत. तेव्हा सर्वांना एकाच वेळी उठविणे, एकाच वेळी जेवविणे आणि एकाच वेळी निजविणे हाच तेथील नियम होऊन बसला.

याविरुद्ध पहिला आवाज उठला तो आईबापांचा. १९४९ साली वेलिंग्टन येथे हॅरॉल्ड व मार्गारेट अन्यन या दांपत्याच्या पुढाकाराने अशा मुलांच्या पालकांची संघटना स्थापन झाली. पुढे आय. एच. सी. या आद्याक्षरांनी ती ओळखली जाऊ लागली. आपल्या मुलांना गावातच शाळा हवी, गावातच राहण्याची सोय हवी, एवढेच या पालकांचे मागणे होते. परंतु १९५३ च्या सरकारी समितीने उलट सल्ला दिला. मूल पाच वर्षांचे झाले की त्याला वसाहतीत पाठवावे आणि वसाहती वाढवाव्या, असे तिचे मत पडले. पालकांचे म्हणणे शाही चौकशी मंडळाला पटण्यास १९७३ साल उजाडावे लागले. त्यानंतर हळूहळू वसाहती रिकाम्या होऊ लागल्या व २००६ साली किंबर्लीचे दरवाजे कायमचे बंद झाले. त्या काळात काय घडले होते, याचा हिशेब पुढे झाला. सरकारी व धार्मिक संस्थांच्या ताब्यातील माणसांच्या छळाची चौकशी करणाऱ्या दुसऱ्या शाही मंडळाने २०२४ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. १९५० ते २०१९ या अवधीत अशा ताब्यात राहिलेल्या सुमारे साडेसहा लाख माणसांपैकी दोन लाखांपर्यंत माणसांचा छळ झाला असावा, असा अंदाज त्यात आहे. त्या पीडितांत अपंगांच्या वसाहतींतील रहिवासीही होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पंतप्रधानांनी पार्लमेंटमध्ये राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली.

वसाहती मोडल्या हे योग्यच झाले. पण त्यातून एक गोष्ट अपरिहार्यपणे उद्भवली. शंभर माणसांच्या एका मोठ्या खोलीवर दोन सेवकांनी नजर ठेवता येत असे. तीच शंभर माणसे गावोगावच्या लहान घरांत चार-चार, पाच-पाच अशी राहू लागल्यावर प्रत्येक घरी रात्रंदिवस कोणीतरी हवे. म्हणजे अपंगांना माणसासारखे जगू द्यावयाचे तर मदतनिसांची संख्या अनेक पटींनी वाढविणे भाग होते. समाजाने घरे दिली, परंतु त्या घरांत राबणाऱ्यांच्या वेतनाचा विचार जुन्याच मापाने केला.

ते जुने माप कोणते? १९३६ साली न्यूझीलंडच्या कायद्याने लवाद न्यायालयाला मूळ वेतन ठरविण्यास सांगितले. पुरुषाचे वेतन बायको व तीन मुले यांचे पोट भरेल इतके असावे, असा त्यात दंडक होता. स्त्रीवर कोणाचे पोट अवलंबून असते, हे त्या कायद्याच्या हिशेबात नव्हते. म्हणून तिचे वेतन पुष्कळच खाली ठरले. सरकारी नोकरीपुरते समान वेतनाचे तत्त्व १९६० साली मान्य झाले व सर्व नोकऱ्यांना ते १९७२ च्या कायद्याने लागू झाले. परंतु समान कामाला समान वेतन म्हटल्याने, जे काम बहुतेक स्त्रियाच करतात त्या कामाचा भाव आपोआप वाढत नाही. तेथे तुलना करावयास पुरुषच नसतो. न्हाऊमाखू घालणे, भरविणे, जागरण करणे ही कामे आई, बहीण, सून घरी फुकट करीतच असतात. मग त्यांना किंमत ती काय, अशी समजूत वेतनाच्या आकड्यात मुरून बसली होती. याच देशातील विदुषी व माजी पार्लमेंट सदस्या मेरिलिन वेअरिंग यांनी १९८८ साली एक ग्रंथ लिहून दाखवून दिले की, राष्ट्राच्या उत्पन्नाच्या हिशेबात स्त्रियांच्या घरातील श्रमांची नोंदच होत नाही. घरात जे शून्य धरले गेले, ते घराबाहेर पगारी काम झाल्यावरही शून्याच्या शेजारीच राहिले.

यावर कोणी म्हणेल की, माणसांची टंचाई असेल तर वेतन आपोआप चढले पाहिजे. बाजारात भाजी कमी आली की भाव चढतो, तसेच येथे का होऊ नये? याचे उत्तर असे की, या बाजारात खरा गिऱ्हाईक एकच आहे आणि तो म्हणजे सरकार. अपंगांची घरे खासगी कंपन्या व धर्मादाय संस्था चालवितात. परंतु त्यांना पैसा मिळतो तो बव्हंशी सरकारी तिजोरीतून. दर तासाला किती द्यावयाचे हे सरकार ठरविते. तो दर वाढला नाही तर संस्थेने मनात आणूनही वेतन वाढविता येत नाही. टंचाईने भाव चढत नाही. रिकाम्या जागा तेवढ्या वाढतात. मग उरलेल्या मदतनिसांवर दुहेरी पाळ्या पडतात, ते थकून दुकानात किंवा गोदामात नोकरी धरतात, आणि टंचाई अधिकच तीव्र होते. अशा बाजारात न्याय मागावयाचा तर तो न्यायालयात किंवा कायदेमंडळातच मागावा लागतो. न्यूझीलंडच्या मदतनिसांनी नेमके तेच केले.

पहिला दावा रात्रपाळीचा होता. आय. एच. सी. च्या सेवासंस्थेत काम करणाऱ्या एका मदतनिसाने प्रश्न विचारला : घरात राहावयाचे, बाहेर पाऊल टाकावयाचे नाही, मद्य घ्यावयाचे नाही, कोणी हाक मारली की उठावयाचे, याला काम म्हणावयाचे की झोप? दावा एका संस्थेवर होता, परंतु पद्धत सर्वत्र तीच होती. रोजगार न्यायालयाने तीन कसोट्या लावल्या. माणसाच्या स्वातंत्र्यावर किती बंधन आहे, त्याच्यावर जबाबदारी केवढी आहे, आणि त्याच्या तेथे असण्याने मालकाचा लाभ किती होतो? तिन्ही कसोट्यांवर उत्तर एकच आले. रात्रीचा प्रत्येक तास हा कामाचा तास आहे आणि त्याला किमान वेतन मिळालेच पाहिजे, असा निर्णय २००९ साली झाला. अपील न्यायालयाने तो २०११ च्या फेब्रुवारीत उचलून धरला. त्याच वर्षी पार्लमेंटने स्वतंत्र कायदा करून हे वेतन टप्प्याटप्प्याने लागू केले. निजलेल्या पहारेकऱ्याचे मोल त्याच्या जागण्यात नसून त्याच्या हजर असण्यात आहे, हे तत्त्व येथे मान्य झाले. इंग्लंडात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा १९ मार्च २०२१ रोजी निकाल मदतनिसांच्या विरुद्ध लागला. प्रत्यक्ष उठून काम केले तेवढ्याच वेळाचे किमान वेतन, असे तेथे ठरले. दोन देश, एकच रात्र, एकच काम. परंतु कायद्याच्या शब्दरचनेनुसार त्याचे मोल निराळे.

यानंतर दुसरी उणीव पुढे आली. घरोघर जाणारी मदतनीस सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या घरी जात असे. या दोन घरांमधील प्रवासाचा वेळ कोणाच्याच हिशेबात धरला जात नसे. त्या वेळाचे वेतन देण्याचा समझोता होऊन २०१६ साली त्याचा कायदा झाला. घरच्या माणसांचा प्रश्न मात्र अधिक चिघळला. प्रौढ अपंग मुलाची शुश्रूषा परक्याने केली तर सरकार पैसे देते, आईबापाने केली तर देत नाही, हा भेदभाव होय, असे अपील न्यायालयाने २०१२ साली ठरविले. सरकारने दुसऱ्या वर्षी एका दिवसात कायदा मंजूर करून मोबदल्यावर मर्यादा घातली आणि याबाबत भेदभावाची तक्रार करण्याचा मार्गही बंद केला. तो कायदा रद्द होण्यास २०२० साल लागले.

२०१२ हे वर्ष आणखी दोन गोष्टींमुळे स्मरणीय आहे. मानवी हक्क आयोगाच्या समान संधी आयुक्त ज्युडी मॅकग्रेगर यांनी वृद्धांच्या शुश्रूषेतील नोकरांची चौकशी चालविली होती. चौकशी नीट व्हावी म्हणून त्यांनी आपली ओळख लपवून एका वृद्धाश्रमात काही दिवस स्वतः मदतनिसाचे काम केले. सरकारी इस्पितळात याच कामाला अधिक वेतन मिळते आणि वृद्धाश्रमात कमी, हे त्यांनी अहवालात मांडले. आणि या प्रकाराला आधुनिक गुलामगिरी म्हणण्यास त्या कचरल्या नाहीत. सरकारकडून मात्र समान वेतनासाठी पैसा आला नाही.

त्याच वर्षी क्रिस्टीन बार्टलेट यांचा दावा दाखल झाला. या बाई लोअर हट गावच्या एका वृद्धाश्रमात वीसहून अधिक वर्षे शुश्रूषेचे काम करीत होत्या. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही त्यांचे वेतन ताशी साडेचौदा डॉलरांच्या आत होते. त्या आश्रमांच्या मालक कंपनीकडे एकशे दहा मदतनीस होते. त्यांत एकशे सहा स्त्रिया व चार पुरुष. कंपनीचा बचाव साधा होता : चारही पुरुषांना आम्ही तेवढेच देतो, मग भेदभाव कोठे आहे? बार्टलेट यांच्या संघटनेने १९७२ च्या कायद्यातील एका विस्मृत कलमाकडे बोट दाखविले. जे काम मुख्यत्वे स्त्रिया करतात, त्यासाठी त्याच कौशल्याच्या, त्याच जबाबदारीच्या पुरुषाला काय दिले असते ते पाहावे, असे त्या कलमात म्हटले होते. चाळीस वर्षे ते तसेच पडून होते. रोजगार न्यायालयाने २०१३ साली व अपील न्यायालयाने २०१४ च्या ऑक्टोबरात हा अर्थ मान्य केला. स्त्रियांबरोबर चार पुरुषांचेही वेतन खाली ओढले गेले असेल, तर त्या पुरुषांशी तुलना करून काय साधणार? तुलना बाहेरच्या कामाशीच झाली पाहिजे. त्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुढील अपिलाची परवानगी नाकारली.

दावा वृद्धाश्रमाचा असला तरी तत्त्व सर्वांना लागू होते. सरकारने वाटाघाटी सुरू केल्या आणि १८ एप्रिल २०१७ रोजी समझोता जाहीर झाला. वृद्धाश्रम, अपंगांची घरे व घरोघरची सेवा यांतील सुमारे पंचावन्न हजार माणसांना त्याचा लाभ मिळाला. पाच वर्षांत दोन अब्ज डॉलरांहून अधिक खर्च ठरला. ज्यांना त्या वेळचे किमान वेतन, म्हणजे ताशी पावणेसोळा डॉलर मिळत, त्यांचे वेतन १ जुलै २०१७ पासून एकोणीस डॉलर झाले. एकंदर वाढ शेकडा पंधरापासून एकोणपन्नासपर्यंत होती. अनुभव व शिक्षण यांप्रमाणे वरच्या पायऱ्याही आखल्या गेल्या, आणि मदतनिसाने शिकावे व टिकावे यासाठी प्रथमच काही कारण निर्माण झाले. बार्टलेट यांना २०१८ साली त्या वर्षीचे श्रेष्ठ न्यूझीलंडवासी म्हणून गौरविण्यात आले.

येथे कथा संपली असती तर ती सुखान्त म्हणता आली असती. परंतु समझोत्याची मुदत पाच वर्षांचीच होती. ती २०२२ साली संपली तेव्हा शेकडा तीनची वाढ देऊन मुदत थोडी पुढे ढकलण्यात आली. इकडे किमान वेतन दर वर्षी वाढत होते. २०२५ साली ते ताशी साडेतेवीस डॉलर झाले. मदतनिसाचे वेतन जागच्या जागी राहिले आणि किमान वेतन त्याच्या पायाशी येऊन पोहोचले. दुकानातील नवखा नोकर व अपंगाला सांभाळणारा मदतनीस यांच्यातील अंतर आटत गेले. संघटनांनी २०२२ साली नवा दावा लावला. तो चालू असताना २०२५ च्या मे महिन्यात सरकारने समान वेतनाचा कायदा तातडीने बदलला. चालू असलेले तेहतीस दावे त्यामुळे बंद पडले. त्यांत मदतनिसांचाही दावा होता. कामात शेकडा साठ स्त्रिया असतील तर दावा करता येत असे, ती अट शेकडा सत्तरांवर गेली. या बदलामुळे काही वर्षांत १२.८ अब्ज डॉलर वाचतील, असे त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात दाखविले गेले. निरनिराळ्या पक्षांच्या माजी महिला पार्लमेंट सदस्यांनी एकत्र येऊन लोकांच्या साक्षी नोंदविण्यासाठी स्वतःची समिती बसविली. तिच्या प्रमुख त्याच मेरिलिन वेअरिंग होत.

सरकारची बाजू अगदीच टाकाऊ नाही. तिजोरी अमर्याद नसते आणि दावे फार सैलपणे चालत होते, असे तिचे म्हणणे होते. वेतन वाढविले पण संस्थांना मिळणारी रक्कम तीच ठेवली, तर सेवेचे तास कमी होतात आणि भार शेवटी अपंगावरच पडतो, हेही खरे. परंतु यावरून निष्कर्ष निघतो तो हा की, वेतन व अनुदान ही एकत्र वाढली पाहिजेत. अंदाजपत्रकात जे पैसे वाचल्यासारखे दिसतात ते खरोखर वाचत नाहीत. मदतनीस सोडून गेला की नवा शोधणे, शिकविणे, तो येईपर्यंत जादा पाळ्या लावणे यात खर्च होतोच. आणि जो खर्च कोणत्याच वहीत लिहिला जात नाही, तो अपंग माणूस व त्याची आई आपल्या जिवावर सोसतात.

दुसरा आक्षेप अधिक गोड शब्दांत येतो. शुश्रूषा हे प्रेमाचे काम आहे; पैशाने त्यातील सेवाभाव जाईल. न्यायाधीशाला भरघोस वेतन दिल्याने त्याची न्यायबुद्धी मावळते, किंवा वैद्याने फी घेतल्याने त्याची दया आटते, असे कोणी म्हणत नाही. उलट लोभापासून व विवंचनेपासून मुक्त राहून त्यांनी आपले काम करावे, म्हणूनच त्यांना चांगले वेतन देतात. हाच न्याय मदतनिसाला लावावयास हरकत काय? घरभाड्याच्या काळजीत असलेला, दोन नोकऱ्या करून शिणलेला माणूस दुसऱ्याला हळुवारपणे कसा न्हाऊ घालील?

न्यूझीलंडच्या या इतिहासात न्यायालयांनी दोनदा योग्य निर्णय दिला, कायदेमंडळाने तो अमलात आणला, आणि तरीही अवघ्या आठ वर्षांत कमावलेले बरेचसे निसटले. कारण जे मिळाले ते एका मुदतीचा समझोता म्हणून मिळाले. किमान वेतन वाढताच मदतनिसाचे वेतनही त्याच प्रमाणात वाढावे, अशी तरतूद त्यात नव्हती. ती तरतूद कायद्यात आणणे आणि तिच्यासाठी सरकारी अनुदान बांधून देणे, एवढेच काम आता शिल्लक आहे. ते न्यायालयाचे काम नव्हे. ते कायदेमंडळाचे आणि त्याला निवडून देणाऱ्या मतदारांचे आहे. १९४९ साली वेलिंग्टनला जमलेल्या आईबापांनी मुलांसाठी गावात घर मागितले होते. घर मिळाले. त्या घरात उद्या सकाळी मुलाला उठविण्यासाठी तोच ओळखीचा मदतनीस असेल की नाही, हे त्याला मिळणाऱ्या वेतनावर अवलंबून आहे.